घटक ४ : युद्ध आणि महासाथ – अनुभवांची तुलना आणि रूपकाची भाषा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• संकल्पनात्मक रूपक म्हणजे काय, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• युद्धकाळातील आणि महासाथीच्या काळातील हालअपेष्टांमधील साम्य व भेद सांगता येतील.
• १९१८ च्या साथीचा आणि पहिल्या महायुद्धाचा संबंध विशद करता येईल.
• ‘कोरोना योद्धा’, ‘लढा’, ‘आघाडी’ या शब्दप्रयोगांची चिकित्सा करता येईल.
• आपल्या परिसरातील बोलीमध्ये साथीचा अनुभव कोणत्या शब्दांनी व्यक्त होतो, याची नोंद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शब्दार्थाचे प्रकार आणि अर्थपरिवर्तनाची कारणे पाहिली. या घटकात एका ताज्या अनुभवाच्या आधारे भाषा आणि वास्तव यांच्या संबंधाचा विचार करावयाचा आहे. हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. किंबहुना, या विषयात आपल्यापैकी पुष्कळ जण प्रस्तुत लेखकापेक्षा अधिक अधिकारी आहेत. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांत परिचारिका, आशा स्वयंसेविका, पोलीस शिपाई, रास्त भाव दुकानदार आणि पुण्या-मुंबईहून गावी परतलेले कामगार असतात. महासाथीचा काळ त्यांनी पुस्तकात वाचलेला नाही, तर प्रत्यक्ष अनुभवला आहे.

२५ मार्च २०२० रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी पंतप्रधानांनी महाभारताचे युद्ध अठरा दिवसांत जिंकले गेल्याचा दाखला देऊन, कोरोनाविरुद्धच्या युद्धाला एकवीस दिवस लागतील, असे प्रतिपादन केले. तत्पूर्वी १६ मार्च रोजी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी आपला देश युद्धात असल्याचे जाहीर केले होते. उलट, एप्रिलमध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी ही महासाथ म्हणजे युद्ध नव्हे, असे आपल्या देशवासीयांना सांगितले. एकाच घटनेविषयीची ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत. यांपैकी कोणते विधान योग्य? आणि शब्दाच्या निवडीने प्रत्यक्षात काही फरक पडतो काय? या दोन प्रश्नांभोवती प्रस्तुत घटकाची मांडणी केली आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ रूपक : अलंकार आणि विचारपद्धती

पारंपरिक काव्यशास्त्रात उपमेय आणि उपमान यांच्यातील अभेदाच्या वर्णनास रूपक अलंकार म्हणतात. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रूपकाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. रूपक ही केवळ कवीची मिरास नसून सामान्य माणसाच्या नित्याच्या विचाराची ती रीत आहे, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होय. आपण एक अपरिचित किंवा अमूर्त गोष्ट दुसऱ्या परिचित गोष्टीच्या साहाय्याने समजून घेतो. वादविवादाविषयी बोलताना आपण ‘मुद्द्यावर हल्ला चढवला’, ‘बाजू राखली’, ‘माघार घेतली’ असे म्हणतो. येथे वाद हे लक्ष्यक्षेत्र असून युद्ध हे स्रोतक्षेत्र आहे.

रूपकाचा एक गुणधर्म विशेष लक्षात ठेवावा. रूपक अनुभवाचा एक भाग उजळते आणि त्याच वेळी दुसरा भाग झाकते. रोगाविषयीच्या लष्करी भाषेवर सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ मध्येच आक्षेप घेतला होता. अशा भाषेमुळे रुग्णाच्या माथी पराभवाचा किंवा दोषाचा कलंक बसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

४.३.२ जेव्हा युद्ध आणि साथ एकत्र आली : १९१८

युद्ध आणि महासाथ यांची तुलना करण्यासाठी आपणांस दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या प्रदेशाने या दोन्ही आपत्ती एकाच वेळी अनुभवल्या आहेत. त्या काळी बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताचा भाग होता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच निर्यात विस्कळीत होऊन कापसाचे भाव कोसळले. ज्या वऱ्हाडचे अर्थकारण कापसावर चालत होते आणि ज्याची खामगावसारखी बाजारपेठ कापसासाठी प्रसिद्ध होती, त्या प्रदेशात युरोपातील युद्ध सर्वप्रथम बाजारभावाच्या रूपाने पोहोचले.

१९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झाची साथ दिसू लागली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजांशी तिचा संबंध जोडला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली दुसरी लाट अधिक प्राणघातक ठरली. रेल्वेमार्गांनी ती देशाच्या अंतर्भागात पोहोचली. मुंबई-नागपूर हा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गे याच जिल्ह्यातून जातो. त्या वर्षी पर्जन्यमानही अपुरे होते. पिके बुडाली, धान्य महागले आणि आधीच अर्धपोटी असलेल्या शरीरांवर रोगाने घाला घातला. सर्वाधिक हानी सोसणाऱ्या प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाडचा समावेश होता.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात मरण पावलेल्यांचा अंदाज सव्वा कोटी ते दोन कोटींच्या दरम्यान केला जातो. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे केवळ याच दशकात घडले.

तथापि, स्मृतीचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. युद्धातील सैनिकांसाठी दिल्लीत इंडिया गेट उभे राहिले आणि त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली गेली. साथीत गेलेल्यांची नावे कोरलेली शिळा आपण कोणत्या गावात पाहिली आहे? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्या साथीची स्मृती उरली ती एका शब्दात. तो शब्द म्हणजे ‘मानमोडी’. प्रस्तुत लेखकाच्या आजीच्या बोलण्यात तो वर्ष मोजण्याच्या खुणेसारखा येत असे : ‘मानमोडीच्या साली आमच्या घरातली तीन माणसं गेली.’ पहिल्या महायुद्धाचा उल्लेख मात्र तिच्या तोंडून कधी ऐकल्याचे स्मरत नाही. राज्यसंस्थेने एक आपत्ती दगडावर लिहिली, तर दुसरी लोकांनी बोलीत जपली.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) स्रोतक्षेत्र आणि लक्ष्यक्षेत्र या संज्ञा एका मराठी उदाहरणाने स्पष्ट करा.
आ) ‘मानमोडी’ हा शब्द कोणत्या साथीचा निर्देश करतो?

४.३.३ हालअपेष्टांमधील साम्य

युद्धाचे रूपक सर्वस्वी निराधार नव्हते. दोन्ही काळांत सामान्य माणसाच्या जीवनावर पडणारे काही ताण सारखेच असतात.

१) अन्न आणि टंचाई : दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. ‘रेशन’, ‘काळाबाजार’, ‘कंट्रोल’ हे शब्द त्या काळाने घरोघरी पोहोचवले. आपल्या भागात रास्त भावाच्या दुकानास आजही ‘कंट्रोल’ म्हणतात, हे आपण जाणताच. युद्ध संपून पाऊण शतक लोटले, तरी शब्द टिकून आहे. एप्रिल २०२० पासून प्रतिव्यक्ती दरमहा पाच किलो मोफत धान्याची योजना लागू झाली, तेव्हा लोक याच ‘कंट्रोल’समोर रांगेत उभे होते. २०२१ मध्ये ‘काळाबाजार’ हा शब्दही परतला. या वेळी तो धान्याच्या नव्हे, तर रेमडेसिव्हिरच्या संदर्भात वापरला गेला.

२) संचारावरील निर्बंध : संचारबंदी, नाकाबंदी, परवाना आणि ओळखपत्र ही युद्धकाळाची ओळख. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत शहरांतील दिवे मालवले जात, काचांना काळे कागद लावले जात. २०२० मध्ये दिवे चालू होते, परंतु रस्ते ओस पडले. अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून स्वतःच गावबंदी केली.

३) स्थलांतर : युद्धात निर्वासितांचे लोंढे निघतात. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याकडून मध्य व पूर्व भारताकडे जाणारे मजूर महामार्गांनी पायी चालत होते. मलकापूर, नांदुरा, खामगाव या मार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्यांच्या वाटेवर होता. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे लोहमार्गावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले.

४) शासनयंत्रणेचे केंद्रीकरण : मुंबईत प्रभागनिहाय ‘वॉर रूम’ उघडल्या गेल्या. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून प्राणवायूचे टँकर घेऊन विशेष रेल्वेगाडी महाराष्ट्रात आली. नागपूरहून नाशिककडे जाताना ती याच जिल्ह्यातील लोहमार्गावरून गेली. रसद पोहोचवण्याची ही धडपड युद्धकाळाचेच स्मरण करून देणारी होती.

४.३.४ हालअपेष्टांमधील भेद

साम्याइतकेच भेदही महत्त्वाचे आहेत, आणि ते अधिक मूलगामी आहेत.

पहिला भेद शत्रूविषयीचा आहे. युद्धात शत्रू हेतुपूर्वक कृती करतो. त्याच्याशी वाटाघाटी होऊ शकतात, तो शरण येऊ शकतो. विषाणूला हेतू नसतो. तो माणसाच्याच श्वासातून, स्पर्शातून प्रवास करतो. म्हणून ‘शत्रू’ हा शब्द वापरताच तो शब्द लावण्यासाठी आपण नकळत एखादे माणूस शोधू लागतो. कधी शहरातून परतलेला मुलगा, कधी रुग्णालयातून घरी आलेली परिचारिका, कधी एखादा समाज या शब्दाचा धनी झाला.

दुसरा भेद सहवासाचा आहे. बॉम्बहल्ल्याच्या भयाने माणसे एकत्र येतात, आश्रयस्थानात खांद्याला खांदा लावून बसतात. महासाथीत नेमके हेच निषिद्ध ठरते. ज्याच्या कुशीत धीर मिळावा, त्याच्यापासूनच दूर राहावे लागते. मार्च २०२० मध्ये बंद झालेली मंदिरे नोव्हेंबरमध्ये उघडली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे निघू शकली नाही. वारीचा अर्थच सोबतीने चालणे हा आहे. तिचा खंड हे युद्धाच्या परिभाषेत न मावणारे दुःख होते.

तिसरा भेद मृत्यूविषयी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे हुतात्मा झालेल्या जवानांत आपल्या जिल्ह्याचे दोन जवान होते. एक मलकापूरचा आणि दुसरा लोणार तालुक्यातील. त्यांच्या अंत्यविधीला जनसमुदाय लोटला होता. त्यानंतर जेमतेम वर्षाने, मार्च २०२० च्या अखेरीस, बुलढाणा शहरात साथीचा जिल्ह्यातील पहिला बळी गेला. तेव्हापासून अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे मुख दुरूनच पाहावे लागले, काहींना तेही नाही. खांदा देणे, माती देणे, सांत्वनाला जाणे हे सारे विधी स्थगित झाले. युद्धातील मृत्यूला समाज अर्थ देतो. साथीतील मृत्यू बहुधा एका आकड्यात विलीन होतो.

४.३.५ रूपकाने झाकलेला भाग

‘कोरोना योद्धा’ हा शब्दप्रयोग आदराने योजला गेला होता, याविषयी शंका नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाने शब्दाच्या हेतूबरोबर त्याचा परिणामही पाहावा. योद्धा या शब्दाच्या अर्थव्यूहात शौर्य, त्याग आणि बलिदान येते. त्यात वेतन, कामाचे तास आणि सुरक्षासाधने येत नाहीत. योद्ध्याने मरणाची तयारी ठेवावी, असे गृहीत धरले जाते. कर्मचाऱ्याने मात्र सुरक्षितपणे घरी परतावे, अशी अपेक्षा असते.

आपल्या अभ्यासकेंद्रातील एका विद्यार्थिनीने, ती आशा स्वयंसेविका आहे, संपर्क सत्रात सांगितलेली गोष्ट येथे नोंदवणे उचित होईल. गावात तिचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळाले, भाषणात तिला रणरागिणी म्हटले गेले. ती म्हणाली, ‘सर, शाल चांगली होती. पण पहिले दोन महिने मी साडीच्या फडक्याचा मास्क बांधून घरोघर फिरले. मला शाल नको होती, मास्क पाहिजे होता.’ वर्गात काही क्षण कोणीही बोलले नाही. रूपक काय झाकते, याचे याहून नेमके स्पष्टीकरण कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा स्वयंसेविकांनी मानधनासाठी संप केला. त्या वेळी त्यांची मागणी योद्ध्याची नव्हती, तर कष्टकरी स्त्रीची होती.

याचा अर्थ युद्धाचे रूपक टाकाऊ आहे असा नव्हे. धोक्याची तातडी पटवण्यासाठी आणि विखुरलेल्या यंत्रणेस एकवटण्यासाठी ते उपयुक्त ठरले. त्याची मर्यादा अशी की, युद्धाला निर्णायक अंत असतो. एकवीस दिवसांच्या विजयाची अपेक्षा ठेवलेल्या समाजाला फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने गाठले. तिची पहिली चाहूल अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या आपल्याच भागात लागली होती. जिंकल्याची भावना झालेल्या मनाला सावधगिरीचे कारण उरत नाही.

४.३.६ मराठीचा स्वतःचा शब्दसंग्रह

साथीविषयी बोलण्यासाठी मराठीजवळ युद्धाव्यतिरिक्त कोणती साधने आहेत? तीन निरीक्षणे पाहू.

अ) अर्थपरिवर्तन आणि शब्दनिवड : ‘टाळेबंदी’ हा शब्द पूर्वी मालकाने कारखाना बंद ठेवण्यासाठी रूढ होता. २०२० मध्ये त्याचा अर्थविस्तार झाला. ‘सामाजिक अंतर’ हा शब्दशः अनुवाद मात्र खटकला. ज्या समाजाने जातीच्या आधारे शतकानुशतके अंतर पाळले, तेथे हा शब्द निष्पाप असू शकत नाही. ‘शारीरिक अंतर’ किंवा ‘सुरक्षित अंतर’ हे पर्याय अधिक योग्य होत.

आ) क्रियापदांची साक्ष : युद्ध आपण ‘लढतो’, ‘जिंकतो’, ‘हरतो’. दुष्काळ मात्र ‘काढतो’, ‘सोसतो’. साथ ‘येते’, ‘पसरते’, ‘ओसरते’. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘बहात्तरचा दुष्काळ आम्ही काढला.’ या ‘काढणे’त विजय नाही, पराजयही नाही. त्यात टिकून राहणे आहे, एकमेकांना जगवणे आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर हजारोंनी खडी फोडली. त्यांना कोणी योद्धे म्हटले नाही, मात्र त्यांना काम आणि मजुरी देणे हे शासनाचे कर्तव्य मानले गेले. दुष्काळाची भाषा उपकारापेक्षा जबाबदारीकडे निर्देश करते.

इ) ‘साथ’ या शब्दाचे दोन अर्थ : संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे एकत्र प्रवास करणारा तांडा. सोबत या अर्थाचा ‘साथ’ हा शब्द त्यापासून आला. ‘साथ देणे’ म्हणजे सोबत करणे, आणि ‘साथ येणे’ म्हणजे रोग पसरणे. एकाच ध्वनिरूपात सोबत आणि संसर्ग हे दोन्ही अर्थ नांदतात. माणसे एकमेकांसोबत राहतात म्हणून रोग पसरतो, आणि माणसे एकमेकांना सोबत देतात म्हणूनच रोगातून तरतात. महासाथीचा संपूर्ण पेच या एका शब्दात आहे. युद्धाच्या भाषेला तो व्यक्त करता येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
अ) ‘योद्धा’ आणि ‘कर्मचारी’ या शब्दांच्या अर्थव्यूहांतील भेद सांगा.
आ) ‘काढणे’ हे क्रियापद ‘जिंकणे’पेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे आहे?

४.४ सारांश

अपरिचित अनुभव समजून घेण्यासाठी माणूस परिचित अनुभवाचे रूपक वापरतो. २०२० च्या महासाथीसाठी युद्धाचे रूपक जगभर योजले गेले. टंचाई, संचारबंदी, स्थलांतर आणि रसद यांबाबत ही तुलना सार्थ आहे. मात्र शत्रू, सहवास आणि मृत्यू या तीन बाबतींत ती अपुरी पडते. १९१८ मध्ये आपल्या प्रदेशाने युद्ध व साथ एकत्र अनुभवली. साथीतील मृत्यू कितीतरी पटींनी अधिक असूनही स्मारके युद्धाची झाली. युद्धाची भाषा तातडी निर्माण करते, पण सेवकांचे हक्क आणि दीर्घकालीन सावधगिरी झाकते. ‘काढणे’, ‘सोसणे’, ‘साथ’ यांसारखे शब्द वेगळी दृष्टी देतात.

४.५ पारिभाषिक शब्द

संकल्पनात्मक रूपक : एका अनुभवक्षेत्राच्या आधारे दुसरे अनुभवक्षेत्र समजून घेण्याची रीत.
स्रोतक्षेत्र : ज्या परिचित क्षेत्रातून शब्द व कल्पना घेतल्या जातात ते क्षेत्र.
लक्ष्यक्षेत्र : ज्याचे आकलन करून घ्यावयाचे ते क्षेत्र.
अर्थव्यूह : एखाद्या शब्दाशी निगडित अर्थांचा समूह.
अर्थविस्तार : शब्दाच्या मूळ अर्थाची व्याप्ती वाढणे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १. अ) ‘वादात त्याने माघार घेतली’ : युद्ध हे स्रोतक्षेत्र, वाद हे लक्ष्यक्षेत्र. आ) १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ.
प्रश्न २. अ) ‘योद्धा’ या शब्दात त्याग व बलिदान अभिप्रेत आहे, तर ‘कर्मचारी’ या शब्दात वेतन, सुरक्षा व हक्क. आ) ‘काढणे’ या क्रियापदात जय-पराजय नसून टिकून राहण्याचा भाव आहे.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) युद्ध आणि महासाथ यांतील हालअपेष्टांचे साम्य व भेद सोदाहरण विशद करा.
२) ‘रूपक एक भाग उजळते आणि दुसरा झाकते’ या विधानाची चर्चा करा.
३) टिपा लिहा : ‘टाळेबंदी’चा अर्थविस्तार, ‘साथ’ शब्दाचे दोन अर्थ.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा प्रभागातील साठ वर्षांवरील तीन व्यक्तींना भेटा. त्यांनी अनुभवलेला दुष्काळ, युद्धकाळ आणि महासाथ यांविषयी त्यांना मोकळेपणाने बोलू द्या. त्यांची वाक्ये त्यांच्याच बोलीत, दुरुस्त न करता, उतरवून घ्या. त्यातील क्रियापदे अधोरेखित करा. ज्या घरात या साथीने माणूस नेले असेल, तेथे प्रश्न विचारण्याची घाई करू नका. वही मिटून थोडा वेळ बसा. मानमोडीत गेलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. या वेळी ती लिहिण्याइतके आपण साक्षर आहोत. घरच्यांची संमती असल्यास गेलेल्या माणसाचे नाव, त्याचे काम आणि त्याची एक आठवण वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. ते पान मूल्यमापनासाठी पाठवू नये. ते आपल्याजवळच जपून ठेवावे.